छाटलेला समास

४ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय ठमे,

तुझं पत्र परवा मिळालं. अकरा वर्षांनी पत्र, आणि त्यात मोजून पाच ओळी. मी ते तीनदा वाचलं आणि मग खिडकीपाशी नेऊन उजेडात धरून पाहिलं. रागावू नकोस. तुझ्या ओळी लहानपणापासून उतरणीला लागलेल्या असायच्या. गणिताची सिस्टर म्हणायची, हिच्या वहीवर गोटी सोडली तर खालच्या कोपऱ्यात जाऊन थांबेल. या पत्रातल्या ओळी मात्र सरळ आहेत. म्हणजे कुणीतरी कागदाखाली रेघांचा कागद सरकवून दिला. तो कुणी दिला असेल ते मला कळतं. मजकूरही त्यानेच सांगितला का, एवढंच मनात आलं.

"माझ्या नवऱ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तुमच्या गावच्या दवाखान्यात ठरलं आहे. दोन आठवडे राहायला जागा हवी." तुमच्या गावच्या! अगं, जन्मलीस तू या गावात, याच खोलीत.

येऊ दे त्याला. मागची खोली रिकामी आहे, तुझी खाट अजून तिथेच आहे. चादरी धुऊन ठेवते. जेवणखाण त्याचं तो बघेल असं तू लिहिलंस, ते मी वाचलंच नाही असं समज. माझ्या घरात कुणी आपलं आपण बघत नाही.

फक्त एक. औषधाच्या दुकानातल्या माणसाकडे मी सहज चौकशी केली. तो म्हणाला, तुमच्या भागात डोळ्यांचे दोन दवाखाने आहेत आणि त्यातला एक इथल्यापेक्षा चांगला आहे. मग इतक्या लांब यायचं कारण काय? मी विचारत नाहीये. आपलं मनात आलं ते लिहिलं.

माझं म्हणशील तर ठीक आहे. चर्चच्या ऑफिसातलं काम अजून मीच बघते. जुने फादर गेले, नवे आले, पण नोंदवह्यांच्या कपाटाची चावी माझ्याच कमरेला. नवे फादर तरुण आहेत, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतात. महिला मंडळात दर महिन्याला एकीने बोलायचं असं त्यांनी काढलंय. मला विषय दिलाय: ख्रिस्ती शिकवणीत सुंतेचा आध्यात्मिक अर्थ. म्हटलं, "फादर, अविवाहित बाईला हाच विषय सापडला का?" तर हसून म्हणाले, "तुम्हीच नीट समजावाल."

आठवतंय ना, शाळेत तो शब्द आला की काय व्हायचं? धड्याच्या तासाला मोठ्याने वाचायचं, आणि तो शब्द आला की सिस्टर टेबलावर पेन्सिल आपटायची. वाचणारीने तेवढा शब्द गाळून पुढे जायचं. आठ वर्षं मी तो शब्द टक असा ऐकला. अब्राहामाला देवाने सांगितलं, तुझ्या घरातल्या प्रत्येक पुरुषाची टक कर. आता साठी उलटल्यावर त्या टकवर तासभर बोलायचंय.

तो कोणत्या गाडीने येतोय ते कळव. आणि त्या जुन्या प्रकरणाबद्दल मी त्याच्यापाशी एक शब्द काढणार नाही. त्यानेही काढू नये, हे त्याला सांग.

तुझी
ताई


८ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिय ठमे,

पोचला. बुधवारी दुपारी, तुझं उत्तर यायच्या आतच. केस पांढरे झालेत, बाकी तसाच. दारात उभा राहून म्हणाला, "ताई, बरं आहे ना?"

"बरं आहे. चपला इथे काढा."

अकरा वर्षांनंतरचं आमचं पहिलं बोलणं एवढंच. मग बसला, आणि चहा होईपर्यंत टेबलावरचं माझं गाण्याचं पुस्तक उचलून त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिला. दिसत नाही तर नाही, हात सोडत नाहीत. बाइंडरला पुस्तक दिलं की तो पहिल्यांदा त्याची पाठ चाचपणार, जसा वैद्य नाडी.

"शिवण सुटलीय हो याची. घरात खळ आहे का? लावून देतो."

"नाही," म्हटलं.

खळ होती, ठमे. पण कशाला त्याचे हात माझ्या वस्तूंना.

तू म्हणशील, ताईचा स्वभाव गेला नाही. बरं, मग हे ऐक. रात्रीच्या जेवणाला बसलो तर पहिला घास घ्यायच्या आत विचारतो, "ती जुनी बाप्तिस्म्याची नोंदवही अजून इथेच असते का?" बघ! मी म्हटलं, "ती बिशपांच्या कार्यालयात गेली." ती कुठेही गेलेली नाही. कपाटात खालच्या फळीवर आहे. पण माझ्या तोंडून आपोआप तेच आलं.

दुसरं. काल आणि आज, दोन्ही सकाळी सहाला बाहेर पडला, सातला परत. विचारलं तर "जरा पाय मोकळे." ज्याला पायरी दिसत नाही तो पाय मोकळे करतो? खालच्या दाईबाईला नजर ठेवायला सांगितलं. तिने आयुष्यभर बायका सोडवल्या, आता निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांची गुपितं सोडवते. ती आज येऊन म्हणाली, "चर्चच्या फाटकातून आत गेला, फादरांच्या खोलीत. पाऊण तास. बाहेर आला तेव्हा फादर स्वतः हात धरून पायऱ्या उतरवत होते."

आणि तिसरं. त्याच्याकडे एक पुडकं आहे. चपटं, कापडात गुंडाळलेलं, बाइंडरच्या दोऱ्याने बांधलेलं. पिशवी कुठेही टाकतो, पण ते पुडकं उशाखाली. अंघोळीला जाताना खुर्चीवर ठेवतो आणि आल्यावर आधी हाताने चाचपतो. कुठेतरी पाणी मुरतंय.

त्या प्रकरणाचं तुला जेवढं ठाऊक आहे ते असं. बिशप भेटीला येणार म्हणून जुन्या फादरांनी ती खिळखिळी झालेली नोंदवही बांधायला याच्याकडे दिली. हा तेव्हा बाप्तिस्म्याची शिकवणी घेत होता, आणि तुमचं दोघांचं जमलेलं आम्हाला नुकतंच कळलं होतं. याने वही बांधून आणली. सुरेख, कडा आरशासारख्या. बिशप गेल्यावर मी ती उघडली, तर बाहेरचा समास छाटलेला. बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारी समासात नंतरच्या गोष्टी लिहिलेल्या असतात: याचं लग्न कुठे झालं, हिला कुणी दत्तक घेतलं, कुणाच्या नावात काय चूक होती. पन्नास वर्षांच्या त्या नोंदी. कुठे नुसतं 'लग्न झा', कुठे 'मृत्यू दि'. पुढचं मशीनखाली गेलं. जुन्या फादरांनी विचारलं, एवढं छाटायला कुणी सांगितलं? त्याने उत्तर दिलं नाही. मग मी एक पत्र लिहिलं, त्याचा बाप्तिस्मा थांबला, आणि तू गेलीस.

एवढं तुला माहीत आहे. त्या पुडक्यात काय असेल ते मला माहीत आहे, असं मला वाटतं. एक चिठ्ठी असेल.

ती कसली, ते आज लिहीत नाही.

ताई


११ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय ठमे,

काल माझं भाषण झालं. मंडळात अकरा जणी, शिवाय फादर, आणि तुझा नवरा. त्याला मी बोलावलं नव्हतं. फादरांनी आणलं. मी कागद हातात धरला आणि मनात म्हटलं, हा मुद्दाम आलाय, माझ्या तोंडून काय निघतं ते बघायला.

मी नीट मांडलं होतं गं. आधी अंगावरची खूण, देवाने अब्राहामाशी केलेल्या कराराची. मग संदेष्टे येऊन सांगू लागले की कातडी कापून भागत नाही, तुमचं मन निबर झालंय, त्याच्यावरचं साल काढा. आणि मग पौल. तो म्हणतो, खरी सुंता आतली; ती माणसाच्या हाताने होत नाही, आणि तिची वाहवा माणसं करत नाहीत, देव करतो. बाप्तिस्म्यात जुना माणूस अंगावरच्या कपड्यासारखा उतरवून ठेवायचा, तीच आपली सुंता.

दाईबाईने हात वर केला. "मी हजारभर पोरं काढली. मनाचं साल काही कुणाचं दिसलं नाही. ते असतं कुठे?"

"सासूला विचार," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या खिदळल्या.

मग शाळेतल्या बाई उठल्या. त्या हसत नाहीत. "ती खूण फक्त पुरुषांना होती. म्हणजे बायका करारात नव्हत्याच का? आणि आता आतली सुंता म्हणता, तर ती आम्हालाही लागू?"

"लागू," मी म्हटलं. "पौलाने पुरुष-बाई हा भेदच काढून टाकला."

"म्हणजे एवढी वर्षं सुटलो होतो, आता अडकलो," दाईबाई म्हणाली. मग ती तुझ्या नवऱ्याकडे वळली. तिला लाज कशाची म्हणून नाही. "तुमच्याकडे तर ती रीत आहे ना हो? दुखतं का?"

मी कागद चेहऱ्यासमोर धरला. पण तो हसला. "तान्ह्या पोराला काय आठवणार, बाई! ती मला न विचारता केली. ही दुसरी विचारून करतात, म्हणून हीच दुखत असावी."

मी कागदावर पाहत पुढचा भाग वाचला. पुढचा भाग असा होता: पहिल्या ख्रिस्ती लोकांत भांडण झालं. ज्यांची सुंता झालेली होती ते म्हणत, न झालेल्यांना आत घेऊ नका. पौल म्हणाला, झाली काय, न झाली काय, देवाला त्याचं काही नाही. हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, शाईने, चार दिवस आधी. वाचताना लक्षात आलं की आपण अकरा वर्षांपूर्वी तेच भांडण उलटं केलं. तुला आठवत असेल, मंडळात तेव्हा काय कुजबुज होती. "त्याच्या अंगावर आधीच शिक्का आहे. वरून पाणी घातलं म्हणून काय पुसला जाणार?" मी ते बोलले नाही. पण ऐकून घेतलं आणि पत्रात वेगळ्या शब्दांत लिहिलं: 'या माणसाचा विश्वास लग्नापुरता आहे, आणि याच्या हाताचा भरवसा नाही.'

कार्यक्रम संपल्यावर फादरांनी मला थांबवलं. हा परत बाप्तिस्मा मागतोय. तुमच्या तिकडच्या फादरांकडे शिकवणी पूर्ण झालीय, ते द्यायलाही तयार होते. पण यानेच त्यांना सांगितलं म्हणे, "माझ्याविरुद्ध एका ठिकाणी हरकत लिहिलेली आहे. ती मिटल्याशिवाय नको." कुणी विचारलंही नव्हतं! म्हणून इथे आलाय. डोळे हे निमित्त.

"जुन्या फाइलीत तुमचं पत्र आहे," फादर म्हणाले. "हाताचा भरवसा नाही, असं तुम्ही लिहिलंय. कशावरून?"

"वहीवरून."

"वही छाटा असं त्यांना कुणी सांगितलं होतं?"

"आता आठवत नाही, फादर. बरीच वर्षं झाली."

ते म्हणाले, "घाई नाही. आठवलं तर सांगा. तुमची हरकत तुम्हीच काढायची आहे. मी तुमच्या वतीने खोडणार नाही."

ठमे, तू हे सगळं जाणत होतीस? जाणूनबुजून मोतीबिंदूचं पत्र लिहिलंस? खरं सांग. मला आता तुझ्या सरळ ओळींचाही राग येत नाही, फक्त भीती वाटते.

ताई


१४ नोव्हेंबर, गुरुवार

ठमे,

ऑपरेशन काल व्यवस्थित झालं. उजव्या डोळ्यावर पट्टी आहे, दुखत नाही म्हणतो. एवढं आधी, म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील.

त्याला आत नेल्यावर मी दवाखान्यात बसायला हवं होतं. नर्सला म्हटलं, टॉवेल विसरला, घेऊन येते. टॉवेल माझ्या पिशवीतच होता. घरी आले, मागच्या खोलीत गेले, उशी उचलली. पुडकं तिथेच. बाहेर जाताना काल प्रथमच मागे ठेवून गेला होता. मला वाटलं, सापळा आहे. तरी दोरा सोडला.

चिठ्ठी नव्हती.

जाड कागदाचे ताव होते, साठ-सत्तर. प्रत्येकावर वर पानाचा आकडा, आणि खाली कागदाचे बारीक कातरे चिकटवलेले. बोटाच्या पेराएवढे रुंद, काही त्याहून बारीक. आपल्या वहीचा समास, ठमे. मशीनखाली पडलेलं सगळं कातरण त्याने झाडून उचललं होतं आणि जुळवत बसला होता. एका तुकड्यावर 'ले', शेजारी अंदाजाने पेन्सिलीने लिहिलेलं, 'झा'ची पुढची बाजू? पान ११२ किंवा ११४. मग ११४ खोडलेलं. वही समोर नसताना. शाईच्या रंगावरून, कागदाच्या कडेवरून. कोणी म्हणेल डोळे म्हातारपणाने गेले. मी ते ताव पाहिलेत, मी म्हणणार नाही.

एका तावावर आपलं पान होतं. तुझं. त्या वेळच्या फादरांचं किरटं अक्षर: 'तातडीचा बाप्तिस्मा, घरी. देणारी: मोठी बहीण, वय नऊ.'

आई हे नेहमी थट्टेत सांगायची, ताईने कपभर गार पाणी ओतलं म्हणून हिला कायमची सर्दी. थट्टेसारखं नव्हतं ते. तू निळी पडली होतीस. दाई आईला सावरत होती, बाबा डॉक्टरकडे धावले होते. त्याच आठवड्यात सिस्टरने आम्हाला वर्गात शिकवलं होतं की वेळ आली तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, पाणी आणि ते शब्द, बस. मी बाबांच्या चहाचा कप विसळला आणि तुझ्या डोक्यावर पाणी घातलं. तू रडलीस. तो तुझा पहिला आवाज. तेव्हा मी विचारलं नव्हतं, ही कशासाठी मागतेय, हिचा विश्वास कितपत, हिच्या अंगावर कसली खूण आहे.

ती ओळ मी छाटली होती. आता लिहिते.

बिशप येणार, कपाट नीटनेटकं दिसावं, सगळ्या वह्या एका मापाच्या दिसाव्यात, म्हणून मी वहीसोबत त्याला चिठ्ठी दिली: 'तिन्ही बाजूंनी अर्धं बोट छाटून कडा सारख्या कराव्यात.' माझी सही. समासात मजकूर आहे हे मला माहीत होतं गं, त्यातला अर्धा मीच लिहिलेला. घाईत डोक्यात आलंच नाही. जुन्या फादरांनी सगळ्यांसमोर विचारलं, कुणी सांगितलं? त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी तर फक्त शिवण घालायला सांगितलं होतं." तो चिठ्ठी काढेल म्हणून मी वाट पाहत होते. त्याने काढली नाही. त्या दिवसापासून मी घाबरून आहे, आणि ज्याला घाबरते त्याच्यावर संशय घेणं मला सोपं गेलं. खाई त्याला खवखवे. त्याने ती काढायच्या आत मी पत्र लिहून टाकलं, म्हणजे उद्या काढली तरी कुणी विश्वास ठेवणार नाही.

दवाखान्यात परत गेले तेव्हा ते खाटेवर बसले होते. मी टॉवेल मांडीवर ठेवला.

"पुडकं उघडलंत?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"टॉवेल आणायला दोन तास लागत नाहीत, ताई."

मी विचारलं, चिठ्ठी कुठे आहे. तर म्हणाले, "ती? ती तेव्हाच गेली. पाठीला अस्तर लावायला रद्दी लागते, हाताशी होती ती खळीत भिजवून लावली. त्या वहीला की दुसऱ्या कुठल्या, तेही आठवत नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? तेव्हा?"

"चिठ्ठी तुमची होती, सुरी माझी होती. छाटण्याआधी पानं उलटून बघायची हे बाइंडरचं काम. मी बघितलं नाही. लग्नाची घाई होती डोक्यात." मग म्हणाले, "आणि तिची एकच बहीण. तिला काय सांगू, तुझी बहीण खोटं बोलली?"

म्हणजे तुलाही सांगितलं नाही. अकरा वर्षं एका घरात राहून. म्हणजे ठमे, जगात आता कागद नाही, साक्षीदार नाही. मी गप्प बसले तर कुणालाही कधीच कळणार नाही. हे पत्र लिहून होईपर्यंत मी दोनदा उठून ते फाडायला निघाले होते.

ताई


१८ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय ठमे,

शुक्रवारी सकाळी फादरांना सांगितलं. कपाट उघडून वही टेबलावर ठेवली, म्हणजे मागे फिरायला नको, आणि उभ्यानेच सांगितलं. ते म्हणाले, "अकरा वर्षं ही वही तुमच्याच ताब्यात होती."

मी कमरेची चावी काढून दिली. मला वाटलं, ते म्हणतील राहू द्या. त्यांनी घेतली. बरं केलं, असं आज म्हणते. त्या दिवशी जिना उतरताना नाही म्हटलं.

हरकत मी माझ्या हाताने खोडली आणि खाली कारण लिहिलं, पुरतं, कुठे न चुकता. मग दाईबाईला सांगितलं, म्हणजे सगळ्यांना सांगून झालं. ती म्हणाली, "अगं बाई, म्हणजे मी उगीच पहाटे उठून त्याच्यामागे हिंडले!" आणि मग माझा हात धरून बसली. शाळेतल्या बाई काल चर्चबाहेर माझ्याशी बोलल्या नाहीत. बोलतील, किंवा नाही बोलणार.

घरी येताना मला हलकं वाटलं, आणि लगेच शंका आली की हलकं वाटावं म्हणूनच तर सांगितलं नाही? की मी चांगली दिसावी म्हणून? आतलं साल एकदा काढलं की संपलं, असं मी भाषणात म्हटलं होतं. ते चूक होतं. खाली अजून निघतंच आहे.

त्यांचा डोळा चांगला उघडला. काल खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचून दाखवली, मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, तुम्ही म्हाताऱ्या झालात हो!" मी म्हटलं, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन रद्द करा. पुढच्या महिन्यापासून ते वहीला हात लावतील. प्रत्येक पानाला पातळ कागदाची पट्टी जोडून समास परत बसवायचा. बसेल म्हणतात, पण जोड कायम दिसणार.

फादरांनी येत्या रविवारी, चोवीस तारखेला, सकाळी साडेआठला बाप्तिस्मा ठरवला. तुझे यजमान हो म्हणाले, आणि मग म्हणाले, तू आल्याशिवाय नाही. मी विचारलं, ती न आली तर? "तर थांबू. मला सवय आहे."

त्यांना आणखी थांबवायचं की नाही, हे आता तुझ्या हातात आहे. माझ्या हातून ते काम गेलं.

माझं चौदा तारखेचं पत्र तुला मिळालं असेल. उत्तर आलं नाही, ते मला समजतं. तुझ्या जागी मी असते तर मीही पाठवलं नसतं. माझ्यासाठी येऊ नकोस. त्यांच्यासाठी ये. मी स्टेशनवर येत नाही. दाईबाई येईल, तिच्याकडे एक खोली आहे, तुला माझ्याकडे उतरायचं नसेल तर. चर्चमध्ये मी दारात उभी राहणार नाही, म्हणजे तुला नजर चुकवायची पाळी येणार नाही. गाणाऱ्या बायकांत मागच्या रांगेत असेन. पाणी ओततील तेव्हा आम्हाला गायचं असतं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस तरी मी गाईन.

तुझी
ताई